वाघरातली बी

२०२३ साल. कागदावर मी अडुसष्ट वर्षांचा होतो, खरा एकाहत्तरचा. शाळा तिसरीपर्यंत, पुढं मेंढरं. लिहिताना काही चुकलं तर वाचणाऱ्यानं नीट करून घ्यावं, मी पुन्हा लिहिणार नाही.

माझी नात शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. बाभळीच्या बियांत कस किती असतो आणि झाड कुठं वाढलंय त्यावर तो बदलतो का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी दोन पिशव्या बी पाहिजे होती. एक आमच्या माणच्या कोरड्या माळावरची, दुसरी फलटणकडची, कॅनॉलच्या पाण्यावर पोसलेल्या झाडांची.

मी म्हणालो, "त्यात तपासायचं काय? माळाची बी लय भारी. कॅनॉलच्या बाभळी नुसत्या फुगल्याल्या."

"तेच कागदावर आणायचंय, आबा."

फलटणची पिशवी तिनं स्वतः झाडाखाली उभं राहून भरली. माळाची माझ्यावर सोपवली.

आता शेंगा फोडून बी काढणं हे किचकट काम, आमच्याकडं ते कुणी करत नाही. मेंढरू शेंग खातं, गर पचतो, बी टणक. ती लेंड्यांतून नाहीतर रवंथ करताना तोंडातून तशीच बाहेर पडते. पोरगा मेंढरं घेऊन फलटणकडं चारायला गेला होता, तो वैशाखात परत आला. दुसऱ्या दिवशी मी वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी, बाजूला केली. खालची जागा झाडली, पाखडली, बी धुतली आणि चकचकीत दाणे पिशवीत भरले. रोपवाटिकेला वीस वर्षं मी अशीच बी दिली. कुणाची तक्रार आली नाही.

पिशवी घेताना नातीनं विचारलं, "झाडावरनंच काढली नव्हं?"

"मग काय आभाळातनं?" मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी ती घरी आली आणि जेवायला बसेना. दोन्ही पिशव्यांचा कस सारखाच निघाला होता. उलट माळाची बी जराशी हलकी.

"मशीन बिघडलंय."

"दोनदा लावलं, आबा. सर म्हणतात, तू एकाच ठिकाणची बी दोन पिशव्यांत भरलीस. ते माळाची बी धरणारच न्हाईत. मग मी तुलना कशाशी करू? वरीस जाईल माझं."

"तुझ्या सराला म्हणावं, एक उन्हाळा मेंढरामागं चाल."

सून चुलीपुढनं म्हणाली, "आवं मामंजी, सर काय मेंढरू हाय व्हय, तुमी हाकाल तिकडं जायला?"

मी तंबाखू मळत बसलो. एकाच ठिकाणची. मेंढरं परत निघाली त्या दिवसापर्यंत कॅनॉलच्या बाभळींखाली चरत होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटातनं जे पडलं ते फलटणचंच. म्हणजे मी फलटणची बी माळाची म्हणून दिली होती, तीही मेंढरांच्या पोटातनं गेलेली. सर चुकला नव्हता.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. नातीला वाटत होतं, चूक तिचीच. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या ती पुन्हा पुन्हा बघत होती.

"चिठ्ठ्या बरोबर हायत," मी म्हणालो. "बी वाघरातली हाय. मेंढरं फलटणवरनं आली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची."

तिला समजायला वेळ लागला नाही. "लेंड्यांतली?"

"धुतली हुती."

सून पदर तोंडाला लावून हसली. नात हसली नाही. "मी मुद्दाम विचारलं हुतं तुमाला, झाडावरची का म्हणून."

माफी मागायची मला सवय नाही, मी ती मागितली नाही. एवढंच विचारलं, "सर किती दिस थांबंल?"

"आठ दिवस. पण आता शेंगा कुठल्या? गळल्या सगळ्या."

"शेंड्याला असत्यात."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आकडी घेऊन माळावर गेलो. नात मागनं आली. खाली पडलेल्या शेंगांना हात लावला नाही, फांदीवरच्या तेवढ्या आकडीनं ओढल्या. सात झाडांच्या मिळून पाटीभर निघाल्या. मग बांधावर बसून एकेक शेंग दगडानं ठेचली आणि बी वेगळी केली. बोटांना काटे लागले होते, ते तसेच राहू दिले. नात शेजारी बसून माझी प्रत्येक मूठ उघडून बघत होती आणि मगच पिशवीत टाकू देत होती.