पाठमोरं उतरलेलं विमान

विमानात कधी न बसता विमानाचं इतकं वेड लागलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. सापडलाच, तर तो आमच्या साडूंनीच बिघडवलेला असणार. सरकारी प्रचाराच्या गाडीवर त्यांनी जन्मभर गावोगाव माहितीपट दाखवले. गाडी मोडीत निघाली तेव्हा लोकांनी टायर नेले, साडूंनी प्रोजेक्टर आणि एकच रीळ आणलं: विमानाचा जुनापुराणा, बारा मिनिटांचा मुका माहितीपट. माणसं निरोप देतात, विमान उडतं, ढगांतून हिंडतं, उतरतं. संपलं. त्यावरून मेहुणीनं धरलेला अबोला मात्र बारा मिनिटांत संपला नाही.

एसटी मांजरसुंब्याचा घाट उतरू लागली की साडू कान दाबून धरत आणि शेजाऱ्यालाही धरायला लावत. आभाळात घरघर झाली की ढाब्यावरचा चहा टाकून उठत आणि "हैदराबादचं हाय," असं निदान करत. सिनेमा मुका, म्हणून बोलायचं काम त्यांचं. त्यातल्या गोऱ्यापान वैमानिकाला ते बिनदिक्कत नांदूरघाटचा जावई करून टाकत. रीळ तुटलं की फाटका तुकडा कात्रीनं उडवून टोकं चिकटवायची, असं करता करता बारा मिनिटांचा प्रवास आठांवर आला. एसटीनं तुमच्याकडून शिकावं, असं मी म्हटलं. साडू हसले नाहीत.

घरोघरी केबल आली, तरी शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर साडूंचा मान कायम होता. लोक ऊसतोडीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर विमान उडायचं आणि उतरायचं. मागं एकदा मध्येच वीज गेली, विमान वरच राहिलं आणि त्याच हंगामात टोळीचा ट्रक उलटला. तेव्हापासून विमान उतरलेलं पाहिल्याशिवाय बायका ट्रकमध्ये पाय ठेवत नसत.

मी बरोबर गेलो त्या वर्षी विमान ढगांत असतानाच रीळ अडकलं आणि मशीननं पुढची सगळी फीत कचाकचा चावून टाकली. उतरण्याच्या चिंध्या झाल्या. बायका बसल्या त्या हलेनात. मुकादम साडूंवर उखडला. साडूंचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं. त्यांनी चिंध्या कापून काढल्या, उरलेली फीत पुन्हा ओवली आणि मशीन उलटं फिरवायचा खटका ओढला.

विमान शेपटी पुढं करून ढगांतून मागं आलं, खाली आलं, जमिनीला टेकलं. निरोप द्यायला उभी असलेली माणसं आता घ्यायला आल्यासारखी हात हलवत होती. पुढं बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पाठमोरं का हुईना, घरी आलं न्हवं? चला गं, भाकरी बांधायच्यात."

सगळी उठली. मी साडूंची पाठ थोपटली, तर ते हळूच म्हणाले, "फसवलं मी त्यांला. ते उतरलंच न्हवतं."

तो हिवाळा साडूंनी आभाळाकडे पाहिलं नाही. हंगाम सरला तसे रोज सकाळी मांजरसुंब्याच्या फाट्यावर जाऊन उभे राहायचे. वस्तीचा ट्रक आला त्या दिवशी मीही तिथं होतो. साडू टायरवर चढले आणि आत एकेक चेहरा पाहू लागले. म्हातारी लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "कावून रडतोस रं बाबा? समदे हाव की आमी."