डोरिसचं हळदीकुंकू

“मॉम गेली,” केरननं फोनवर सांगितलं आणि रडता रडता हसली. “काकू, जायच्या आधी पोस्टानं मत देऊन गेली. तुझं मत खोडायला म्हणे!” त्याला आता दीड महिना झाला. इथे अमेरिकेत, एडिसनमधली माझी इतक्या वर्षांची शेजारीण, डोरिस, भांडण अर्धवट टाकून गेली...

ऐंशीच्या दशकातली मी म्हणजे काय विचारता! कोटावर स्त्रियांच्या समान हक्कांचा बिल्ला, हातात फलक, आणि ह्यांच्या पोळ्या डब्यात भरून ठेवल्याशिवाय मोर्च्याला पाऊल नाही. डोरिस उजव्या विचारांची, तीही कडक. बाईची जागा घरात, असं ठणकावायची... शिडीवर चढून पन्हळीतली पानं उपसत. तिचा फ्रँक लवकर गेला होता, आत-बाहेर सगळं तीच बघायची. निवडणूक आली की तिच्या लॉनवर तिच्या उमेदवाराची पाटी, माझ्या लॉनवर माझ्या उमेदवाराची. एकदा वाऱ्यानं माझी आडवी झाली. बाहेर येऊन बघते तो ही हातोडी घेऊन ती परत ठोकतेय! म्हणाली, “सू, तुझा माणूस मतांनी पडू दे. वाऱ्यानं पडला तर मला काय मजा?”

त्यानंतरच्या संक्रांतीला मी तिला हौसेनं हळदीकुंकवाला बोलावलं. बर्फातून ठेवणीतला ड्रेस घालून आली, बायकांमध्ये ऐसपैस बसली आणि पाळी आल्यावर कपाळावरचे केस मागे करून डोळे मिटले. तेवढ्यात शालूताई माझ्या कानाशी, “अगं, हिचा नवरा नाही ना?” झालं... माझा तो समान हक्कांचा हात करंड्यावरच अडकला! डोरिसनं एक डोळा उघडला. “संपलं का?” मी ओशाळून म्हटलं, “हे... लग्न झालेल्या बायकांना लावतात.” आता ही उठून जाणार आणि पुन्हा माझी पायरी चढायची नाही, असंच वाटलं.

“मग लाव की,” ती शांतपणे म्हणाली. “माझं लग्न झालंय, हनी. फ्रँक फक्त घरी नाहीये.”

सगळ्यात आधी शालूताईच हसत सुटल्या. “लाव गं बाई, लाव! आमचे तरी कुठे घरी असतात?” मोर्च्यात मी घसा फोडून इतक्या घोषणा दिल्या, पण असं वाक्य काही मला सुचलं नसतं.

पुढे ती दर वर्षी आली. आमचे हे गेले त्या संक्रांतीला मी बेत रद्द केला, तर डोरिसनं परस्पर सगळ्या बायकांना फोन केले आणि दारात उभी राहून मला म्हणाली, “साडी नेस. लोक निघालेत.”

तिला निरोप द्यायला चॅपलमध्ये गेले तेव्हा करंडा पर्समध्येच होता. केरनकडे पाहिलं. तिनं आईच्या कपाळावरचे केस हलकेच मागे केले. माझा हात आता थरथरतो. बोट टेकलं ते थोडं उजवीकडेच. केरन पुसायला रुमाल काढू लागली, तर म्हटलं, “राहू दे गं. मधोमध तिला कधी पटलंच नाही.”