शेवंताबाईची लेझीम, बाजार चौकापर्यंत

खुर्सीपारच्या कामगार वस्तीत शेवंताबाई रामटेके कोण, असं कुणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, "थे लेझीमवाली बाई!" तिचा नवरा आनंदराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात फोरमन होता, हाताखाली पंचवीस माणसं होती, पण वस्तीत त्याची ओळख 'लेझीमवालीचा मालक' अशीच होती. तो वरवर चिडायचा. आतून फुलायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दरवर्षी चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक विहारापासून निघायची. सगळ्यांत पुढं बायकांचं लेझीम पथक, आणि पथकाच्याही पुढं तोंडात शिट्टी धरलेली शेवंताबाई. पांढरं लुगडं, निळा काठ, पदर कमरेला खोचलेला. पवनीकडच्या तिच्या गावी शाळेत शिकलेली लेझीम तिनं लग्नात रुखवतासारखी भिलाईला आणली आणि इथल्या बायकांच्या हाती दिली. ती पन्नाशी ओलांडून गेली तरी वाकताना तिचं ढुंगण टाचांना टेकायचं आणि उठताना हात जमिनीला लागायचा नाही. तरण्या पोरी मागं धापा टाकायच्या.

आणि मग नव्वद साली तिच्या उजव्या गुडघ्यानं दगा दिला.

आधी जिना उतरताना कटकट वाजायचा. मग सकाळी उठताना अडायला लागला. आनंदरावनं कान लावून आवाज ऐकला आणि तिथल्या तिथं निकाल दिला, "बेअरिंग गेलं. मशीन बंद ठेवा लागते."

माणूस वाईट नव्हता हो. बायकोवर जीव होता, तेच तर नडलं. त्यानं तिला खाटेवर बसवली ती बसवलीच. नळावर पाणी भरायला स्वतः उभा राहायला लागला. खुर्सीपारात, नव्वद साली, फोरमन माणूस बायकांच्या रांगेत बादली घेऊन! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. भाजी तो आणायचा, भांडी तो उचलायचा, आणि दर घटकेला येऊन विचारायचा, "दुखून राहिलं का?"

आता एवढ्या प्रेमानं कोणी विचारल्यावर माणूस नाही कसं म्हणेल? ती म्हणायची, "हाव, दुखते." की तो म्हणायचा, "मंग उठू नोको."

अशानं थंडीपर्यंत शेवंताबाईची मांडी सुकली. हाताचा टेका घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठता येईना. पुंडलिकचं किराणा दुकान गल्लीच्या टोकाला, तेही तिला परगाव झालं. लेझीम खुंटीवर टांगलेली होती आणि तिच्या कड्यांवर धूळ बसली होती.

एक दिवस बेबीताई आली. बेबीताई म्हणजे पथकातली दुसरी, शेवंताबाईच्या हाताखालीच तयार झालेली. चहा झाला, इकडतिकडचं झालं, आणि मग ती चाचरत म्हणाली, "बाई, अवंदाची शंभरावी जयंती हाये. कमिटीनं मोठी मिरवणूक ठरवली. तुमच्यासाठी मेटाडोरवर जागा ठेवून राहिलो आमी, बाबासाहेबांच्या फोटोपाशी."

मेटाडोरवर म्हाताऱ्या बसायच्या. ज्यांना चालवत नाही त्या.

"अन् शिट्टी?" शेवंताबाईनं विचारलं.

बेबीताईनं खाली बघत कपबशा गोळा केल्या. तिच्या मनात काही पाप नव्हतं, पण ती गेल्यावर शेवंताबाई भिंतीकडं तोंड करून रडली. लोक म्हणतील, गुडघ्यासाठी कोण रडतं? पण शंभरावी जयंती आयुष्यात एकदाच येते. तिच्या बापाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आणि ज्या बाबासाहेबांमुळं ती पोलादाच्या गावात पक्क्या क्वार्टरात राहत होती, त्यांच्या शंभराव्या जयंतीला ती सामानासारखी गाडीत बसून जाणार होती. हे तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं आनंदरावला सांगितलं, "मले दवाखान्यात न्या."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला आणि खालच्या मजल्यावर व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथं साधना नावाची बाई होती, नागपूरला शिकून आलेली, वय असेल तिशीचं. चष्मा, बारकी वेणी, आणि बोलणं सुपारी फोडल्यासारखं.

आनंदराव आधीच सरसावला. "बाई, बेअरिंग गेलं हाये. मी त्याच दिवशी सांगतलं."

साधनानं फोटो पाहिला, गुडघा वाकवून पाहिला, मांडी दाबून पाहिली. "काका, गुडघा झिजलाय, हे खरं आहे. पण बेअरिंगला मांस नसतं. मावशींच्या गुडघ्याला आहे, आणि ते बसून बसून वाळलंय. त्याला काम द्यावं लागेल." मग ती शेवंताबाईकडं वळली. "मावशी, तुम्हाला नेमकं काय करायचंय?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, कुठं दुखतं.

"लेझीम खेळाची हाये," शेवंताबाई म्हणाली. "चौदा एप्रिलले."

साधना हसली नाही. "बरं. आता कुठवर चालता? दुखायच्या आधी?"

"गल्लीतल्या बोअरिंगच्या हापशीपर्यंत."

"मग उद्यापासून बोअरिंगच्या अलीकडच्या घरापर्यंत. रोज. आणि एक नियम नीट ऐका. दुखलं म्हणून कमी करायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून जास्त करायचं नाही. ठरलं तेवढंच. आठवडा झाला की मी थोडं वाढवून देईन. पायाच्या मनावर नाही, ठरलेल्यावर चालायचं."

मग व्यायाम दाखवले. हात न लावता खुर्चीवरून उठायचं, पुन्हा बसायचं. पाय ताठ करून उचलायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. भात शिजायला टाकला की हे करायचं, म्हणजे विसरायला होत नाही. आणि पाणी आता काकांनी भरायचं नाही.

"आणखी एक, काका. 'दुखून राहिलं का' हे आजपासून बंद."

आनंदराव गडबडला. "मंग इचारू काय?"

"चहा मांडू का, असं विचारा."

घरी येताना तो सायकल हातात धरून चालत होता आणि पुटपुटत होता, "हे काय औशद झालं!"

पण शेवंताबाई भिडली. फर्स्ट शिफ्टच्या सायकली कारखान्याकडं निघाल्या की ती घराबाहेर पडायची. पहिल्या आठवड्यात गुडघा असा ठणकायचा की डोळ्यांत पाणी यायचं. आनंदराव दारात उभा राहायचा, "दुख..." एवढं तोंडातून निघायचं, मग तो पुढचं गिळायचा आणि ओरडायचा, "चहा मांडू का?" दिवसाला इतके चहा झाले की साखर महिना संपायच्या आधीच संपली. पण बोअरिंग मागं पडलं. मग पुंडलिकचं दुकान आलं. पुंडलिकनं काट्यामागून मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "जयभीम बाई! मले वाटलं तुमी गावाले गेल्या."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माशी शिंकली ती पुढं, आणि ती कारखान्याची माशी होती.

कारखान्यात ठरल्याएवढंच काम केलं तर त्याचं कोणाला काय कौतुक? टार्गेटच्या वर गेलात तर फाटकावर मोठ्या अक्षरांत लागतं, मिठाई वाटतात, साहेब पाठ थोपटतात. तीस वर्षं आनंदराव त्याच हवेत वाढलेला. बायको रोज ठरल्याएवढंच चालते, ही गोष्ट त्याला सलायला लागली. त्यानं स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं दोन रकाने आखले: टार्गेट आणि उत्पादन. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी, गुडघा हलका होता, ऊन छान होतं, तेव्हा तो म्हणाला, "शेवंते, पुंडलिकचं दुकान तं झालं. चल, आज पान्याच्या टाकीपर्यंत जाऊ. रेकॉर्ड करू!"

आणि खोटं कशाला बोला, तिलाही मोह झालाच. टाकी झाली. टाकीवर तो म्हणाला, बाजार तर दिसतोच आहे. बाजार झाला. तिथं दोघांनी जलेबी खाल्ली, आणि येताना तिनं रस्त्यातच दोन पावलं लेझीमची टाकून दाखवली. घरी येऊन आनंदरावनं दारावर लिहिलं, 'उत्पादन: तिप्पट.' खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कोहळ्याएवढा झाला होता.

शेवंताबाईचा धीर सुटला. सगळं गेलं, आता मेटाडोरच आपल्या नशिबी, असं धरून ती पुन्हा खाटेवर पडली. बेबीताईनं ऐकलं, ती धावत आली, दारावरचं 'तिप्पट' वाचलं आणि आनंदरावला तोंडावर म्हणाली, "भाऊजी, उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग, हे ऐकून होतो. आज पाह्यलं."

त्याच दिवशी तो बायकोला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. साधनानं सूज पाहिली. खाटेवर पडा असं काही ती म्हणाली नाही. बर्फानं शेक, आठवडाभर पुन्हा बोअरिंगपर्यंत, तिथून हळूहळू वर. "पण जास्तीचं कोणाच्या सांगण्यावरून केलं, मावशी?"

शेवंताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आनंदराव खोलीचं छत बघायला लागला, आणि अब्रू झाकायला त्यानं विषय बदलला. "बाई, आमचं खातं म्हनजे भट्टीच्या आतल्या विटांचं. लय जोखमीचं काम. मागं एका भट्टीले नवीन विटा लावल्या. साहेब म्हने, लौकर पेटवा, टार्गेट हाये. मी आडवा पडलो. म्हनलं साहेब, नवीन विटेले एकदम आग दाखवाची नसते. आज थोडी, उद्या थोडी, ठरल्यापरमानं. साहेब बोंबलले तरी मी हललो नाई. घाई केली असती तं सारी भट्टी तडकली असती!"

ही गोष्ट त्यानं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलेली. शेवंताबाईला ती तोंडपाठ होती. आज मात्र ती मधेच बोलली.

"अवो, मंग माह्याच विटा कावून तडकवल्या तुमी?"

साधना खिडकीकडं वळली, पण तिचे खांदे हलत होते. घरी आल्यावर आनंदरावनं ओल्या फडक्यानं दार स्वच्छ पुसलं.

मार्च संपता संपता ती पुन्हा बाजारापर्यंत पोचली, या वेळी पायरी-पायरीनं. मग लेझीम खुंटीवरून उतरली. आधी भात शिजेपर्यंत, नुसते हात. मग पाय. साधनानं खाली वाकणं अर्ध्यावर ठेवायला सांगितलं आणि मिरवणुकीचंही ठरवून दिलं: विहारापासून बाजार चौकापर्यंत शिट्टी मावशींची. तिथून पुढं मैदानापर्यंत मेटाडोर.

"मेटाडोरवर मी बसनार नाई," शेवंताबाई म्हणाली.

"मग चौकात खुर्ची टाकून बसा. पण चौकापुढं पाऊल नाही."

हो म्हणाली. मनात म्हणाली, पाहू त्या दिवशी.

तो दिवस उजाडला. ऊन तापलं, निळे झेंडे लागले, अख्खं खुर्सीपार रस्त्यावर आलं. शेवंताबाईनं शिट्टी फुंकली आणि पन्नास लेझमा एकदम खणाणल्या. बाप्पा रे! म्हातारे रडत होते, पोरं नाचत होती. पुंडलिक दुकान उघडं टाकून मागं पळत होता. तिची पावलं पहिल्यासारखी पडत होती. वाकणं अर्धंच होतं, पण ते तिनं अशा ठेक्यात बसवलं की लोकांना वाटलं हा नवा प्रकार. गुडघा? गुडघा आहे हेच ती विसरली होती.

बाजार चौक आला. ढोल चढला होता. चारी बाजूंनी ओरडा झाला, "शेवंताबाई, आगे बढो!" आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं? आनंदराव! टोपी हवेत उडवून, "अजून! शेवंते, अजून!"

मैदान समोर दिसत होतं. जरासं तर अंतर. दुखत तर काहीच नव्हतं. तिचा पाय उचललाही गेला.

आणि तिनं तो जागच्या जागी ठेवला. तोंडातली शिट्टी काढली, पदरानं पुसली आणि बेबीताईच्या गळ्यात घातली.

"ने पथक पुढं. ठेका सोडू नोको."

बेबीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाकून शेवंताबाईच्या पायांना हात लावला आणि शिट्टी फुंकली. शेवंताबाई मेटाडोरकडं गेली. कोणीतरी हात द्यायला पुढं झालं, तो तिनं बाजूला केला, आणि त्या उंच पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा, अशी कुठंही न धरता चढली. फोटोपाशी म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. तिथून तिला सगळं पथक दिसत होतं, पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत. पुढं चालणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

आनंदराव धापा टाकत गाडीपाशी आला. "कावून थांबली वो? काय मस्त चाललं होतं!"

"विटा नव्या हायेत," ती म्हणाली. "भट्टी एकाच दिवसासाठी पेटवाची हाये का?"

मैदान येईपर्यंत तो गाडीची कड धरून चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदरावला जाग आली तर शेजारची खाट रिकामी. तो ताडकन उठून बसला. काल जास्त झालं, पाय धरला, न्हाणीत पडली असेल. तो अनवाणीच बाहेर धावला. फर्स्ट शिफ्टच्या सायकली जात होत्या, आणि त्यांच्या कडेकडेनं शेवंताबाई येत होती. हातात पुंडलिककडची साखरेची पुडी. रोजच्यासारखीच, ठरल्याएवढं चालून.

ती दारात आली. त्यानं तिच्या गुडघ्याकडं पाहिलं, ओठ हलले, "दुख..."

पुढचं गिळलं.

"चहा मांडू का?"

शेवंताबाई पायरीवर बसली, कुठंही हात न टेकता.

"थोडं दुखते," ती आपणहून म्हणाली. "मांडा. साखर आनली मी."