पटसंख्या एक

स्वतःची हजेरी घेऊन स्वतःलाच गैरहजर लावणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो आमच्या ईट गावात, माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. तो माणूस म्हणजे मला चौथीत शिकवणाऱ्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा आता त्या निवांत पापड लाटतील असं गावाला वाटलं होतं. बाईंनी कोडिंग शिकायला घेतलं.

कारण त्यांनी फक्त मला सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिचा रोज फोन यायचा, पण जेवलीस का, पाऊस झाला का, एवढं झालं की दोघींकडचं बोलणं संपायचं. एकदा बाईंनी हिय्या करून विचारलं, की तू दिवसभर करतेस तरी काय? लेक म्हणाली, "आई, तुला नाही कळायचं ते." पोरांना भागाकार कळेपर्यंत वर्गातून न हलणाऱ्या बाईंना हे फार लागलं. लेकीशी तिच्या कामाबद्दल एकदा तरी बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. तिचा जुना लॅपटॉप कपाटातून निघाला आणि तिला यातलं अक्षरही सांगायचं नाही अशी मला शपथ घातली गेली.

सुरुवात आपल्या सगळ्यांसारखीच झाली. पहिल्या दिवशी सलग सहा तास व्हिडिओ बघितले, मान आखडली, आणि पुढचे आठ दिवस लॅपटॉपवर नॅपकिन वाळत होता. मग वेळापत्रकं सुरू झाली. तीन रंगांच्या शाईत, पट्टीनं रेघा मारून पाच वेळापत्रकं तयार झाली, प्रोग्राम मात्र एकही नाही. मी म्हटलं, बाई, पाऊणच तास बसा, पण रोज बसा. "घरात बसलं की घरच दिसतंय रे," त्या म्हणाल्या. "डाळ निवडायची ऱ्हायलीय, हेच डोक्यात." यावर त्यांनी काढलेला तोडगा दुसऱ्या कुणाला सुचला नसता. रोज पावणेअकराला इस्त्रीची साडी नेसून, पर्स अडकवून, पाऊण तासाच्या शाळेला डबासुद्धा घेऊन त्या घराला कुलूप लावतात, मारुतीच्या देवळाला वळसा घालून मागच्या गल्लीनं येतात आणि मागच्या दारानं आपल्याच घराच्या शेवटच्या खोलीत शिरतात. अकराला घंटा स्वतःच वाजवायची, हजेरी मांडायची आणि मग लॅपटॉप उघडायचा. वाटेत कुणाशी बोलत थांबल्या तर हजेरीत लाल शाईनं 'उशीर'.

एकदा जळकोटहून त्यांचे दीर न कळवता आले आणि कुलूप पाहून ओट्यावर बसले. मी सुट्टीवर होतो, त्यांना सोबत केली. तेवढ्यात बंद घरातून घंटा वाजली. बिचारे दचकून उभेच राहिले. बाईंना आमचा आवाज ऐकू येत होता, पण पावणेबाराची घंटा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग मागच्या गल्लीनं वळसा घालून, पर्स सावरत समोरून आल्या आणि आत्ताच शाळा सुटली म्हणाल्या. दिरांनी मला बाजूला घेऊन वहिनींना बार्शीला डॉक्टरकडे न्यावं का, असं हळूच विचारलं. पुढच्या खेपेला ते कळवून आले, तर बाईंनी रीतसर रजेचा अर्ज लिहिला. खाली लाल शाईत शेरा होता, 'कारण सबळ नाही', आणि त्याखाली बाईंचीच सही. हजेरीत त्या दिवसापुढे 'गैरहजर'.

पहिला प्रोग्राम होता सतराच्या पाढ्याचा. एका ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली म्हणून तो चालेना, तेव्हा बाईंनी ती ओळ वहीत दहा वेळा लिहिली. या धंद्यातली मंडळी जुन्या प्रोग्राममधला तुकडा सरळ उचलून डकवतात, असं मी सुचवून पाहिलं. बाईंनी माझ्याकडे चौथीतल्यासारखं बघितलं. "त्याला कॉपी म्हणत्यात. माझ्या वर्गात न्हाय चालायची." अशी ही शाळा आठ महिने चालली, आणि पाढा सतरावरून एकोणतीसवर गेला.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना लेकीचा फोन आला. जेवण झालं, पाऊस झाला. तिचा आवाज मला लांबूनही थकलेला वाटला. बाईंनी विचारलं, "प्रोग्राम अडकलाय का गं? कुठल्या ओळीत अडकतोय, ते हुडकलंस का?" फोन कटला की काय म्हणून बाईंनी तो कानापासून लांब धरून बघितला. मग लेक बोलायला लागली आणि बोलतच राहिली. चार दिवस न सापडणारी चूक, चिडणारे साहेब, न लागणारी झोप. बाई नुसतं "हं, मग?" म्हणत होत्या. तासाभरानं त्यांनी फोन ठेवला, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. चूक सापडली का, असं मी विचारलं.

"कुठली रे," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितलं त्यातलं मला चार आणेबी कळलं न्हाय. पर सांगत हुती."

चहा राहूनच गेला. मी घरी आलो आणि मला माझी आई आठवली. मी भूमला सरकारी ऑफिसात आहे. तिथं तू दिवसभर करतोस तरी काय, असं तीही, होती तोवर, मला अधूनमधून विचारायची, आणि मी "काही नाही गं, कागदं" म्हणून उठून जायचो. सांगण्यासारखं तसं पुष्कळ होतं.