कूलरचं तोंड

आज बल्लारपूरच्या घरी कूलरला नवा वाळा लावला. पंप सुरू केला, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला आणि मी मनाने थेट अहेरीच्या एका राइस मिलच्या जुन्या ऑफिसात जाऊन बसले.

तिथे हिशेबाचं सॉफ्टवेअर मुनीम नामदेवभाऊंच्या कॉम्प्युटरवर होतं. समोर बसणाऱ्या दोघी मुलींचे कॉम्प्युटर वायरने त्याला जोडलेले. भर दुपारी मुलींचं कनेक्शन तुटायचं, भाऊंचं काम मात्र सुरळीत चालायचं. म्हणजे मुलीच काहीतरी भलतं दाबतात, असं मालकाने ठरवून टाकलं होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी त्याने मला बोलावलं होतं; बिघाड सापडला नाही तर तो दोघींना काढणार होता.

मी कशालाही हात लावला नाही. खुर्ची ओढली आणि दुपारची वाट बघत बसले. ऊन तापलं तसे भाऊ उठले. भिंतीवरच्या बोर्डातून एका छोट्या डब्याची पिन त्यांनी काढली आणि तिथे कूलरची लावली. सगळ्यांच्या वायरी त्याच डब्यातून जात होत्या.

"भाऊ, ही पिन काऊन काढली?"

"पोरी घामानं भिजून राह्यल्या ना, मॅडम. माझं तं त्याच्याबिना बी चालते."

मी बाजारातून एक्स्टेन्शन बोर्ड आणला, डबा आणि कूलर दोन्ही त्याला लावले आणि ताठ मानेने परतीची बस पकडली.

बिघाड मी अचूक पकडला होता, यात आजही शंका नाही. पण आता त्या वासासोबत आठवते ती भाऊंची पाठ. घामाने शर्ट तिला चिकटला होता. कूलरचं तोंड मुलींकडे होतं.