भिंतीवरच्या पत्त्याचं शेपूट

नाकावर राग घेऊनच ही जन्मली, असं आई माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायची. ते खरंच होतं. पण आजवर मला सगळ्यात जास्त राग आला तो माझा स्वतःचाच, आणि तोही वेबसाइटच्या पत्त्याच्या तीन अक्षरी शेपटामुळे.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. जालन्यात बियाण्यांच्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते. कुंभार पिंपळगावची मुलगी, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. पुण्याला न जाता इथेच राहिले म्हणून वर्गातल्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं होतं. ऑफिसात टाइप करणाऱ्या दोघी होत्या, प्रोग्राम लिहिणारी मात्र मी एकटीच. त्यामुळे माझं चुकलं तरी ते ओळखणारं कुणी नव्हतं. याची मला तेव्हा फार ऐट होती.

आमच्या कपाशीच्या पाकिटांची हुबेहूब नक्कल बाजारात येत होती. त्यावर उपाय म्हणून मी कंपनीच्या वेबसाइटवर एक पान बनवलं. पाकिटावरचा लॉट नंबर टाकायचा, बटण दाबायचं, की पाकीट आमचं आहे की बनावट ते कळायचं. ज्या कृषी केंद्रांत कॉम्प्युटर आणि फोन होता तिथे दुकानदारानं गिऱ्हाइकासमोरच ही तपासणी करावी, अशी कल्पना होती. मालकांना ती एवढी आवडली की त्यांनी लगेच पेंटरला बोलावून घेतलं.

हे पेंटरकाका भोकरदनकडच्या धावड्याचे. जिल्ह्यात जिथे जिथे आमच्या कंपनीचं नाव आणि फुटलेलं कपाशीचं बोंड रंगवलेलं दिसे, ते त्यांच्याच हातचं. आता कॉम्प्युटर असलेल्या तीसेक दुकानांच्या भिंतींवर त्यांनी तपासणीच्या पानाचा पत्ता रंगवायचा होता. मी एका चिठ्ठीवर तो लिहून दिला. नुसतं वेबसाइटचं नाव दिलं असतं तरी भागलं असतं. पण मी अतिशहाणी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर जे दिसत होतं ते आतल्या फोल्डरांच्या नावांसकट, शेवटच्या 'डॉट जेएसपी'सकट उतरवून दिलं. काकांनी ते जसंच्या तसं रंगवलं.

पुढे हिवाळ्यात मला वाटलं की आपलं जुनं काम फारच गबाळं आहे. मी जावातलं एक फ्रेमवर्क शिकले. कुठला पत्ता आला की कुठलं काम कुणी करायचं, याची आधीच बांधून ठेवलेली चौकट असते ती. अख्खी वेबसाइट मी त्या चौकटीत बसवली. तिच्या रिवाजाप्रमाणे पत्त्यांच्या शेवटी 'डॉट डू' आलं, मधले फोल्डर गेले, सगळं कसं नेटकं झालं. जुनी पानं मी पुसून टाकली. भिंतींची आठवण मला एकदाही आली नाही.

पेरणीच्या तोंडावर घनसावंगीच्या दुकानदाराचा फोन आला, की भिंतीवरचा पत्ता टाकला तर पान सापडत नाही असं इंग्रजीत येतंय. दुसऱ्या दिवशी आणखी चार दुकानांतून तीच तक्रार. मालकांनी पेंटरकाकांना बोलावलं आणि मलाही खोलीत बसवलं.

"तुला इंग्रजी येत न्हाई, मंग विचारायचं होतं ना," मालक काकांना म्हणाले. "तीस भिंती वाया घालवल्या. आता फ्लेक्सवाल्याला सांगतो. मशीनवर छापतो तो, चुकायचं कामच न्हाई. तुझ्या भिंती बंद."

फ्लेक्सचे बोर्ड तेव्हा नवे नवे आले होते, आणि मालकांना निमित्तच हवं होतं. काका मान खाली घालून उभे. वर्षातले निम्मे दिवस त्यांना आमच्या भिंतींचं काम असे. चूक कुणाची हे मला पहिल्या फोनलाच कळलं होतं. एरवी रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून भांडणारी मी, तिथे पेनचं टोपण उघडझाप करत बसले.

बाहेर व्हरांड्यात काकांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझीच चिठ्ठी होती ती, कडांना निळ्या ऑइल पेंटचे अंगठे लागलेली.

"ताई, जरा बघून घ्या बरं. माझं एखादं अक्षर चुकलंय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच उलट्या पावली आत गेले आणि मालकांना सांगितलं की पेंटरचं एक अक्षरही चुकलेलं नाही, शेपूट मी बदललं. मालकांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "फ्लेक्सवाला परवा संध्याकाळी येणार हाय. तवर भिंती चालू झाल्या तर ठीक. न्हाई तर ऑर्डर देऊन टाकतो, आणि तुमचं काय ते बी बघू."

मी म्हटलं, चालू होतील.

एक सोपी वाट होती. जुना पत्ता टाकला की आपोआप नव्या पत्त्यावर ढकलून द्यायचं. पण मग भिंतीवर एक आणि पडद्यावर दुसरं असं झालं असतं. आमचं पानच मुळी अस्सल-नकली सांगणारं, तेच असं रंग बदलू लागलं तर दुकानदारानं विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून ठरवलं, भिंतीवर आहे तोच पत्ता पडद्यावरही राहील आणि काम आतून नवी चौकट करील. त्या जुन्या फोल्डरखाली जे काही मागितलं जाईल ते सगळं तपासणीच्या पानाकडे द्यायचं, असं मी चौकटीला सांगितलं. जुना पत्ता टाकला, पान उघडलं. मी टेबलावर हात आपटला आणि घनसावंगीला फोन लावला.

दुकानदारांनी पान उघडून पाहून उलट फोन केला, "पान उघडलं बगा. पण बटन दाबून राह्यलो कवाचा, काईच होत न्हाई."

बटण मी दाबूनच पाहिलं नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत.

बटणाचं काम करणारी स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत होती आणि पानात तिचा फक्त उल्लेख होता, की शेजारच्या फोल्डरातून ही फाइल घे. 'शेजारच्या घरून पाखडायला सूप आण' म्हटलं, तर कुठलं घर ते आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. नव्या पत्त्यावर उभं राहिलं की शेजार बरोबर होता. जुन्या, फोल्डरांत खोल गेलेल्या पत्त्यावर उभं राहिलं की ब्राउझर भलत्याच ठिकाणी स्क्रिप्ट मागायला जाई. आणि मी तर तिथलं सगळंच पानाकडे वळवून ठेवलेलं. तो मागे स्क्रिप्ट, त्याच्या हातात पडे पुन्हा तेच पान. हे समजायला मला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. डबा तसाच राहिला. टाइप करणाऱ्या दोघींनी चहा आणून ठेवला तर मी त्यांच्यावरच खेकसले. नंतर माफी मागितली, पण नंतर.

मग एकेक फाइल उघडून प्रत्येक स्क्रिप्टचा पत्ता वेबसाइटच्या मुळापासून पूर्ण लिहिला, म्हणजे पान कुठूनही उघडो, स्क्रिप्ट एकाच जागी सापडेल. चौकटीलाही बजावलं की जुन्या पत्त्यांपैकी फक्त भिंतीवरचा तेवढा तुझा, स्क्रिप्टच्या फाइलींना हात लावायचा नाही. या वेळी बटण वीस वेळा दाबलं. तरी फोनवर विसंबायचं नाही असं ठरवून तिसऱ्या दिवशी सकाळी मी काळीपिवळी जीपमध्ये बसले. काकांना आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. तेही आले.

घनसावंगीला पोचलो तर लोडशेडिंग. दुकानात खताच्या पोत्यावर बसून राहिलो. काका बाहेर जाऊन भिंतीवरची धूळ उपरण्यानं पुसून आले. माझा एक डोळा घड्याळावर होता, कारण संध्याकाळी तिकडे फ्लेक्सवाला येणार होता. दोन वाजता पंखा फिरला. मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि काकांना म्हटलं, "चिठ्ठी नको. तुम्ही भिंतीवरचं वाचा, मी टाकते."

ते रस्त्यात उभे राहिले आणि एकेक अक्षर मोठ्यानं सांगू लागले. ठिपका आला की "ठिपका" म्हणायचे, तिरपी रेघ आली की "तिरपी". शेवटचं 'पी' मी टाकलं. फोनच्या तारेवरून पान हळूहळू उतरलं. दुकानदारांनी कपाटातलं एक पाकीट काढून नंबर सांगितला. बटण दाबलं. पाकीट अस्सल, असं हिरव्या अक्षरांत उमटलं.

"मंग माझं बराबर होतं तर," काका दारातून म्हणाले.

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं. तिथूनच मालकांना फोन लावला आणि दुकानदारांच्या हातात दिला. ते म्हणाले, भिंत चालू झाली. फ्लेक्सवाला त्या वर्षी चहा पिऊन परत गेला.

काळीपिवळी भरायची वाट बघत आम्ही स्टँडवर उभे होतो, तेव्हा मला राहवलं नाही. "काका, मालक एवढं बोलले, तेव्हाच ती चिठ्ठी त्यांना का नाही दाखवली? माझंच अक्षर होतं तिच्यावर."

काकांनी उपरणं झटकलं. "मालकाकडं यायच्या आदी मी इथं येऊन गेल्तो, ताई. चिठ्ठी भिंतीला लावून बगितली. सगळं बराबर होतं."

म्हणजे व्हरांड्यात त्यांनी विचारलं, तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक होतं. माझा पारा चढला. "मग गप्प कशाला राहिलात? तुमचं काम गेलं असतं!"

"त्या खोलीत मी दाखवली असती, तर तुमाला चोरासारखं पकडल्यागत झालं असतं," ते म्हणाले. "तुमी सोताहून सांगताल, असं वाटलं मला."

आणि मी सांगितलं नसतं तर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गाडी भरली. काकांनी मला खिडकीजवळ जागा करून दिली आणि ती चिठ्ठी पुन्हा खिशात ठेवली.