सातू चौगुलेच्या मांडीतलं हाड

दुसऱ्या महायुद्धात माझी नेमणूक बेळगाव कॅम्पातल्या एका लहान लष्करी हॉस्पिटलात, एक्स-रे खोलीत झाली. हुद्दा नाईक. मॅट्रिक झालो होतो, इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून बंदुकीऐवजी यंत्र मिळालं. सकाळी सातला जनरेटर सुरू व्हायचा, आठला पहिला पेशंट. फिल्म तुटपुंजी येई. हुकूम होता : एका पेशंटला एकच फिल्म.

शिपाई सातू चौगुले निपाणीजवळच्या खेड्यातला, तालमीत वाढलेला गडी. उजव्या मांडीत दगडासारखी गाठ. गुडघा पुरता वाकत नव्हता. मी समोरून फिल्म काढली. मांडीच्या हाडाला लागून ढगासारखी पांढुरकी सावली आली.

सर्जन कॅप्टनसाहेबांनी फिल्म उजेडात धरली. "मार लागला होता?"

मी सातूला विचारलं.

"न्हाय साब. आपसूक आली."

मार नाही आणि मांसात हाड वाढतंय. साहेबांच्या मते तो हाडाचा कॅन्सर होता. शनिवारी सकाळी नऊला मांडीपासून पाय कापायचा ठरला. तो गुरुवार होता.

मला चैन पडेना. खोलीत एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. मार बसलेल्या स्नायूत कधीकधी हाड धरतं, घोडेस्वारांच्या मांडीत तर हमखास, आणि तो कॅन्सर नव्हे, असं त्यात होतं. ते पान मी चारदा वाचलं. पण मार लागायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी वॉर्डात गेलो. सातूच्या मांडीला तेलाचा वास येत होता.

"मालीश कोण करतंय रं?"

"दोस्त येतोय. रोज रगडतोय. गाठ विरघळंल म्हणतोय."

"गाठ आली कशी?"

त्यानं चादर मांडीवर ओढून घेतली.

"सातू, उद्या पाय कापणार आहेत."

"खरं सांगितलं तर शिक्षा हुतीया, अण्णा."

"मग एका पायानं शिक्षा भोग."

तो हसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कुस्ती केलती. पाच आठवडं झालं. सुभेदारसाबांनी मनाई केल्याव. गड्यानं मांडीत गुडघा हाणला."

"कुठला गडी?"

"मालीश करतोय त्योच."

तालमीत मुक्या मारावर हाच उपाय. पण रगडलेल्या जागी हे हाड अधिकच फोफावतं.

हुकूम मोडून मी दुसरी फिल्म काढली, पाय बाहेर वळवून. गाठ आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये बारीक काळी रेघ दिसली. दोन्ही वेगळी होती. हाडाचा कॅन्सर असता तर गाठ हाडातूनच फुटलेली दिसली असती.

शनिवारी आठ वाजता फिल्म साहेबांपुढे ठेवली आणि कुस्तीचं सांगितलं.

"दुसरी फिल्म कुणाच्या हुकमानं?"

"कुणाच्याच नाही, सर."

त्यांनी फिल्म उजेडात धरून रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "ऑपरेशन कॅन्सल. मालीश बंद. तीन आठवड्यांनी पुन्हा फिल्म."

ते तीन आठवडे मी नीट झोपलो नाही. रेघ माझ्या नजरेचा भास असती तर कॅन्सर तेवढ्यात पसरला असता. तिसऱ्या फिल्ममध्ये गाठीची कड अंड्याच्या कवचासारखी पक्की पांढरी झाली होती, आत विरळ. पुस्तकात होतं तसंच.

सातूला सात दिवसांची शिक्षा झाली. चार महिन्यांनी गुडघा वाकू लागला. तो फिट ठरला आणि पलटणीबरोबर ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला. तिथून परत आला नाही.

लढाई संपल्यावर मी त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील, आप्पा, खळ्यावर तंबाखूचा पाला उलथत होते. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मी मध्ये पडलो नसतो तर पाय गेला असता, आप्पा. पण तो घरी आला असता."

ते समजूत घालतील असं मला वाटलं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "पाठीवर घिऊन फिरलो असतो मी त्येला."

मग मला सावलीत बसायला सांगून ते पुन्हा पाला उलथू लागले.

शिपाई सातू चौगुले, वय तेवीस. त्याच्या फिटनेसच्या कागदावर सही साहेबांची आहे. फिल्म माझी आहे.